रेडा वेद बोलला, वहिनीने श्वास मोजले

दिवाळीत आळ्याला गेले होते. भाऊबीजेची जेवणं उरकली, बायका आवराआवर करत होत्या, पुरुषमंडळी ओट्यावर सुपारी कातरत बसलेली. कुठून विषय निघाला कोण जाणे, पण चुलत वहिनीचा निघाला. वहिनी आमच्याकडच्या एका वाडीची आशा आहे. म्हणजे आशाताई, नाव नव्हे. तिने आदल्या आठवड्यात कांदालागणीला आलेल्या मजुरांच्या पालावर आठ महिन्यांचं एक पोर पाहिलं, त्याचे श्वास मोजले, "याला न्यूमोनिया आहे, आत्ताच्या आत्ता न्या" म्हणून स्वतः फोन करून १०८ बोलावली आणि त्याला दवाखान्यात धाडलं. पोर वाचलं. वहिनी हे कौतुकासाठी सांगत नव्हती, गाडी यायला किती वेळ लागला त्याची तक्रार करत होती.

त्यावर आमचा डॉक्टर भाचा म्हणाला, "मामी, न्यूमोनिया आहे हे तुम्हाला काय कळणार? एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही. उद्या म्हणाल अँटिबायोटिकपण आम्हीच देतो. परवा ऑपरेशन!"

सगळे हसले. वहिनीपण हसली. मीही हसले, आणि तेच मला तेव्हापासून खुपतंय. म्हणून हे लिहितेय. घरातले लोक हा ब्लॉग वाचतात, भाचाही वाचतो (कधीमधी, शुद्धलेखनाच्या चुका काढायला). वाचू देत. ओट्यावर जे बोलायला हवं होतं ते इथे बोलते.

आधी एक्स-रेचं बघू. भाच्या, तुझ्याच पुस्तकात असणार हे. लहान मुलाच्या न्यूमोनियाची पहिली खूण छातीच्या आवाजात नसते, श्वासाच्या वेगात असते. फुप्फुसाचा काही भाग पू-पाण्याने भरला की उरलेल्या भागाला जास्त काम करावं लागतं, म्हणून पोर भराभर श्वास घेतं. पापुआ न्यू गिनीमध्ये फ्रँक शॅन नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९८० च्या दशकात हे नीट मांडलं, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरून आकडे ठरवले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. खोकला आहे आणि श्वास या आकड्याला पोचला, तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. दुसरी खूण, श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जातो. आपल्याकडच्या बायका याला "पोट उडतंय", "खळी पडतेय" म्हणतात. आणि पोर अंगावर पीत नसेल, सगळं ओकून टाकत असेल, झटके येत असतील, हलवून उठत नसेल, तर तो भारी न्यूमोनिया, तिथे घरच्या उपायांत एक तासही घालवायचा नाही.

यात एक्स-रे कुठे आला? डोळे, घड्याळ आणि एक मिनिट. बस्स.

पण ते एक मिनिट सोपं नाही, हे मला वहिनीने शिकवलं. त्या रात्री झोपायच्या आधी मी तिला विचारलं, कसं मोजतेस दाखव. शेजारच्या खोलीत नातीला झोपवलं होतं, तिच्यावर दाखवलं. आधी पोर शांत पाहिजे. रडणाऱ्या पोराचे श्वास मोजून उपयोग नाही, दूध पिताना मोजून उपयोग नाही. आईच्या मांडीवरच असू द्यायचं, उचलून घेतलं की बिथरतं. झबलं वर करायचं. थंडीत आया झबलं वर करू देत नाहीत, तिथे गोड बोलावं लागतं. मग छातीकडे नाही, पोटाकडे बघायचं. आणि पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तान्हं बाळ सारख्या लयीत श्वास घेतच नाही, मध्येच थांबतं, मध्येच पळतं. अगदी तान्हं असेल आणि आकडा जास्त आला तर परत एकदा मोजायचं.

मी मोजायला बसले तर तीस सेकंदांत माझा आकडा चुकला. दुसऱ्यांदा जमलं. एक मिनिट किती मोठं असतं! शेवटचं कुठल्या डॉक्टरने माझ्या मुलांचं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट त्यांच्या पोटाकडे पाहिलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. सर्दी-खोकल्याला सिरप, पिवळ्या चिठ्ठीवर तीन औषधं, त्यात एक अँटिबायोटिक ठरलेलं. मजुराचं पोर असेल तर वर एक सुई. दवाखान्याचं नाव घेत नाही, एकाच दवाखान्याची ती गोष्ट नाहीच.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. आई गेल्यामुळे आता सांगता येते.

माझ्या पाठीवर दोन नव्हे, तीन भावंडं होती. हे धाकट्यांना माहीत नाही, भाच्यांना तर नाहीच. १९७६ सालचा पौष. मी आठ वर्षांची, तो अकरा महिन्यांचा. चार दिवस खोकला होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी आजी म्हणाली, डबा झालाय. डबा म्हणजे काय ते मला कळलं नाही, मी पितळी डब्याचा विचार करत होते. ओव्याचा शेक दिला, तेल कोमट करून छातीला चोळलं, खोलीत शेणीची धग ठेवली. मला त्याच्या नाकपुड्या आठवतात. प्रत्येक श्वासाला फुलायच्या. आणि पोट. मी आईला म्हटलं, याचं पोट बघ कसं नाचतंय. आईने माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही. आजोबा म्हणाले, सकाळच्या एस.टी.ने नेऊ. त्या वेळी रात्रीचं न्यायला आमच्याकडे बैलगाडीच होती, आणि थंडीत पोराला बाहेर काढायचं नाही असं सगळ्यांचंच मत पडलं. पहाटे तो गेला.

म्हणजे खूण दिसली होती. आजीला दिसली होती, तिने नावसुद्धा बरोबर घेतलं होतं. आठ वर्षांच्या मुलीला दिसली होती. घरात निदान होतं, औषध नव्हतं. आणि औषध तर तेव्हाही जगात होतं, महागही नव्हतं. आमच्या ओट्यापर्यंत यायला त्याला कुणाचा हात नव्हता, एवढंच.

गंमत बघा (गंमत कसली). पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७७ ला, केंद्रातल्या जनता सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमायची योजना आणली. गावातलाच माणूस, थोडं प्रशिक्षण, औषधांची एक पेटी, महिना पन्नास रुपये. तेव्हाही डॉक्टर मंडळी हेच म्हणाली, खेड्यात अर्धवट डॉक्टर तयार करताय. योजना पुढे नाव बदलून रेंगाळली आणि विरून गेली. ती बुडायची कारणं बरीच होती. नेमलेले बहुतेक पुरुष होते, आणि तान्ह्या पोराच्या घरात पुरुषाला कोण शिरू देणार. पण "अर्धवट डॉक्टर" हे शब्द तेव्हापासून तसेच जिवंत आहेत. भाच्या, तू तेव्हा जन्मायचा होतास, पण बोललास तेच.

याचं उत्तर गडचिरोलीत मिळून पस्तीस वर्षं होऊन गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तिथे गेले, 'सर्च' सुरू केली. तिथे मुलं कशाने मरतात हे पाहिलं तर न्यूमोनिया सगळ्यात पुढे. मग त्यांनी ५८ गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. ४४ गावं तुलनेसाठी नेहमीच्या व्यवस्थेवर ठेवली. आता सुईणींना अक्षरओळख नाही, पन्नासपर्यंत मोजता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी मणी लावलेलं एक साधं यंत्र केलं, पाटीवरच्या मण्यांसारखं, सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. तान्ह्या बाळासाठी वेगळी ओळ, मोठ्यासाठी वेगळी. दहापर्यंत तर सगळ्यांनाच मोजता येतं.

निकाल १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. या लोकांनी उपचार केलेल्या ६१२ आजारी मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के. तुलनेच्या गावांत, जिथे हे कुणी नव्हतं, तिथे १३.५ टक्के. परत वाचा. ज्यांच्याकडे एक्स-रे नव्हता, स्टेथोस्कोप नव्हता, काहींना तर सही येत नव्हती, त्यांच्या हातून शंभरात एकही पूर्ण मूल गेलं नाही. पुढे त्याच भागात गावातल्या बायकांनी, आरोग्यदूतांनी, नवजात बाळांना घरी जाऊन तपासलं, जंतुसंसर्ग ओळखला, जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा दिलं, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. तो लेख १९९९ चा. त्याच्यावरूनच २०११ पासून देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. आमची वहिनी जाते ती याच कामाने. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की अडीचशे रुपये. एका भेटीचे भागाकार तुम्हीच करा.

आणि सीमेपलीकडे पाकिस्तानात, हरिपूर जिल्ह्यात, तिथल्या 'लेडी हेल्थ वर्कर' बायकांनी पोट आत ओढणारी मुलं दवाखान्यात पाठवण्याऐवजी घरीच अमॉक्सिसिलिन देऊन बरी केली. २०११ साली छापलेल्या त्या अभ्यासात घरी उपचार झालेल्या मुलांमध्ये उपचार फसायचं प्रमाण पाठवलेल्या मुलांपेक्षा निम्मं होतं, कारण पाठवलेली मुलं वाटेत, रांगेत, पैशात अडकतात. त्यानंतर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नियमच बदलला, की नुसती छाती आत ओढली जात असेल आणि धोक्याची दुसरी खूण नसेल तर तोंडाने अमॉक्सिसिलिन पुरतं. आपल्या सरकारनेही नोव्हेंबर २०१९ मध्ये 'सांस' नावाची मोहीम काढली. त्यात आशाताईने अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मग मूल पुढे पाठवावं असं ठरलं. म्हणजे ज्याला तू "उद्या म्हणाल" म्हणालास तो उद्या येऊन गेला बाबा. कागदावर का होईना.

कागदावर. खरं भांडण इथे आहे, आणि ते भाच्याशी नाहीये. त्या दिवशी पालावर वहिनीच्या पिशवीत अमॉक्सिसिलिन नव्हतं. संपलं होतं, मागितलं होतं, आलं नव्हतं. पिशवीत काय काय होतं ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. नोंदवह्या मोजल्या, सोडून दिल्या. सर्व्हेचे फॉर्म, कार्डांच्या याद्या, मोबाइलवर भरायची माहिती, पाच ओ.आर.एस.ची पाकिटं, थर्मामीटर, आणि एक घड्याळ ज्याचा सेल गेलेला. श्वास ती स्वतःच्या मोबाइलवर मोजते. ज्या कामाने पोर वाचतं त्या कामाचं सामान सगळ्यात आधी संपतं आणि सगळ्यात उशिरा येतं. नोंदवही मात्र कधी कमी पडल्याचं ऐकलं नाही.

आणि ते पाल तिच्या यादीतही नव्हतं. आशा हजार लोकसंख्येमागे एक, ती यादी गावातल्या घरांची. आपल्या भागात हंगामाला कांद्याला, उसाला, टोमॅटोला बाहेरून माणसं येतात, वीटभट्ट्यांवर येतात, मेंढरं घेऊन मेंढपाळ येतात आणि कापणी झालेल्या रानात वाडा टाकतात. त्यांची पोरं थंडीत पालात चुलीच्या धुरात. ज्यांना न्यूमोनिया व्हायची शक्यता सगळ्यात जास्त तीच यादीबाहेर. वहिनी तिथे गेली ती कुणी सांगितलं म्हणून नाही, रस्त्याने जाताना खोकला ऐकू आला म्हणून. त्या भेटीचे पैसे कुठल्या रकान्यात धरायचे हे तिला अजून कळलेलं नाही.

अँटिबायोटिकचं म्हणशील तर तुझी भीती मला मान्य आहे. वाटेल तसं दिलं तर जंतू निगरगट्ट होतात, मग औषध लागू पडत नाही. पण मग बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये "दोन दिवसांच्या गोळ्या द्या" म्हणून जे विकलं जातं त्यावर तू ओट्यावर कधी बोललास? साध्या सर्दीला लिहिलेल्या अँटिबायोटिकवर? वहिनीला तर निम्मं शिक्षण नाही म्हणायचंच आहे. आकडा आला नाही तर औषध द्यायचं नाही. अशी अट अख्ख्या तालुक्यात आणखी कुणावर आहे?

तिच्या चुका होत नाहीत असं नाही. मोजण्यात पाच-सहाचा फरक पडतो, तो भल्याभल्यांचा पडतो. दम्यासारखी घरघर असलेलं पोरही भराभर श्वास घेतं, त्याला उगाच औषध जातं. शिवाय एका आशाच्या वाट्याला वर्षात असे भारी आजार थोडेच येतात, प्रशिक्षणात शिकलेलं हाताखालून जातं. वहिनी स्वतः म्हणाली, "दोन वर्षांत कुणी येऊन माझं मोजणं तपासलं नाही. रजिस्टर तपासतात." यावर उपाय तिला घरी बसवणं हा आहे का? तुम्हा लोकांना शिकवायला माणसं लागतात, आजारी माणसं, रोज. तिला वर्षातून दोनदा दवाखान्यातल्या वॉर्डात चार दिवस उभं करा, खरी पोरं बघू द्या.

एक विचारायचं राहिलं. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं तेव्हा हीच वहिनी तोंडाला रुमाल बांधून, हातात ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होती. दादांचं बोट त्यात घातलं, ८९ आलं, तीच म्हणाली हलवा. आपण हलवलं. तेव्हा तिचं शिक्षण कुणी विचारलं? तू तर फोनवरून म्हणालास, मामी आकडा परत एकदा बघा आणि मला सांगा. डॉक्टर जेव्हा घरात यायला घाबरत होते तेव्हा तिने सांगितलेला आकडा खरा होता. आता मजुराच्या पोराचा आकडा सांगितला तर हसू येतं. (आणि तो मोठ्या माणसांचा ऑक्सिमीटर तान्ह्याच्या बोटाला बसत नाही, लहानांचा वेगळा लागतो, तो तिला कुणी दिलेला नाही.)

२०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला, आपण सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलं पाठवली. २०२३ च्या दिवाळीआधी आणि २०२४ च्या सुरुवातीला राज्यातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. मार्चमध्ये महिन्याला पाच हजारांची वाढ मान्य झाली तेव्हा आपल्याच घरात कुणीतरी म्हणालं, "बसून पैसे घेतात." कोण म्हणालं ते मी लिहीत नाही. त्याने स्वतः वाचलं की पुरे.

आपलं गाव कशासाठी प्रसिद्ध आहे? ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा आळंदीच्या वाटेवर इथे आपल्या आळ्यात थांबला, त्याची समाधी आहे. यात्रेला एवढी गर्दी लोटते. आपण लहानपणापासून नारळ फोडतो, मीही फोडते. पैठणच्या विद्वानांना वाटत होतं वेद त्यांच्याच तोंडून यायचे, ती गोष्ट आपण नातवंडांना रंगवून सांगतो. रेडा वेद बोलला यावर अख्ख्या गावाचा विश्वास आहे. दहावी झालेल्या बाईला पन्नासपर्यंत मोजता येतं यावर नाही.

असो. फार झालं.

भाच्या, राग मानू नकोस, तू चांगला डॉक्टर होणार आहेस, म्हणूनच एवढं लिहिलं. यात्रेला येशील तेव्हा स्टेथोस्कोप राहू दे, सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन ये. दोन आण, एक मामीला लागेल. ती दुपारी दोननंतर मोकळी असते. खालच्या रानात मेंढपाळांचा वाडा पडला असेल तोपर्यंत, तिथे दोन तान्ही आहेत म्हणते. तू एका बाजूने मोज, ती दुसऱ्या बाजूने मोजेल. मी झबलं वर धरते.